‘रिबफ’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ व उपयोग



गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. नववीच्या वर्गांत इंग्रजीचा तास चालू होता व उताऱ्यांत ‘रिबफ’ हा शब्द आला. मीं सवयीप्रमाणें “रिबफ म्हणजे नकार” असें सांगून पुढील ओळ वाचावयास घेतली. इतक्यांत मागच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “सर, गेल्या आठवड्यांत आपण ‘रिफ्यूजल’ म्हणजे नकार असें सांगितलें होतें. मग या दोहोंत फरक कोणता?” तास संपावयास चार-पांच मिनिटें उरलीं होतीं, उतारा अर्धा राहिला होता, आणि पावसानें पत्र्यावर असा ताशा धरला होता कीं, माझा आवाज मलाच ऐकूं येईना. “खालीं बस. कोशांत पाहा,” एवढें बोलून मी पुढें वाचूं लागलों. मुलगा बसला.

सायंकाळीं घरीं जातांना माझ्या ध्यानांत आलें कीं, त्या शब्दाचा अर्थ मीं त्यास सांगितला नसला तरी करून मात्र दाखविला होता. मीं त्यास ‘रिफ्यूज’ केलें नव्हतें. ‘रिबफ’ केलें होतें. पुढें पंधरा दिवस त्या मुलानें वर्गांत एकहि प्रश्न विचारला नाहीं, हेंहि मला उशिरानेंच उमगलें. तेव्हां त्याचें देणें चार जणांदेखत फेडावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें. पालकवर्गानेंहि तो वाचावा अशी इच्छा आहे.

प्रथम शब्दाचें कुलवृत्त पाहूं. ‘रिबफ’ हा शब्द इंग्रजी भाषेंत सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. तो आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचांनीं तो घेतला इटालियन भाषेंतून. ‘रि’ म्हणजे उलट, मागें. आणि ‘बफ्फो’ म्हणजे वाऱ्याचा फटकारा, फुंकर. ‘बफ्फो’ हा शब्द फुंकरीच्या आवाजावरूनच झालेला आहे. आपल्या ‘फुंकर’, ‘फुत्कार’ या शब्दांत ओठ जसे फुगतात व हवा जशी सुटते, तसेंच तेथें होतें. म्हणजे मुळांत ‘रिबफ’ हा समोरून येऊन तोंडावर आदळणारा वारा. कवि मिल्टन यानें ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या दुसऱ्या सर्गांत सैतान अथांग पोकळींतून जात असतां त्यास एका ढगाचा जो तडाखा बसतो, त्यासाठीं हाच शब्द योजिला आहे. त्यांत अपमान नाहीं, नकार नाहीं. नुसता धक्का आहे.

हें मूळ ध्यानांत ठेवल्यास पुढील सारें सोपें होतें. वारा तोंडावर केव्हां बसतो? आपण पुढें चालत असतों तेव्हां. घरांत खिडकी लावून बसलेल्या माणसास समोरचा वारा लागत नाहीं. त्याचप्रमाणें ‘रिबफ’ होण्यास कोणीतरी आधीं पुढें आलेलें असावें लागतें. त्यानें हात पुढें केलेला असतो, कांहीं मागितलेलें असतें, मैत्री किंवा मदत देऊं केलेली असते, किंवा साधा प्रश्न विचारलेला असतो. आणि दुसरा मनुष्य विचार न करतां, पुरतें ऐकूनहि न घेतां, त्यास तेथल्या तेथें मागें लोटतो. एक पुढें येणें आणि एक झटकन मागें लोटणें, या दोन्ही क्रिया असल्या तरच ‘रिबफ’ शब्द शोभतो.

ध्रुवाची कथा आपणांस ठाऊक आहेच. उत्तानपाद राजाच्या मांडीवर उत्तम बसलेला पाहून ध्रुवहि तेथें बसावयास धांवला, आणि सुरुचीनें त्यास झिडकारलें. इंग्रजींत सांगावयाचें तर तेथें ‘रिबफ’ याहून अचूक शब्द मिळणार नाहीं. द्रोणाचेंहि तसेंच. बाळपणींचा स्नेह मनांत धरून तो द्रुपदाच्या दरबारीं गेला; मैत्री बरोबरीच्यांत असते, राजाची व दरिद्र्याची कसली मैत्री, असें सुनावून द्रुपदानें त्यास वाटेस लावलें. त्या एका ‘रिबफ’चें व्याज पुढें दोन्ही घराण्यांनीं किती पिढ्या भरलें, तें महाभारत वाचणारास सांगावयास नको.

आतां या शब्दाचे शेजारी पाहूं. कारण आपल्या मुलांच्या चुका तेथेंच होतात.

‘रिफ्यूज’ हा साधा, रोखठोक नकार. त्यांत राग असेल वा नसेल. ‘डिक्लाइन’ हा सभ्य नकार; लॅटिन मुळांत त्याचा अर्थ एका बाजूस झुकणें असा आहे, आणि नम्रपणें मान लववून ‘क्षमा असावी, जमणार नाहीं’ असें म्हणणारा मनुष्य डोळ्यांपुढें आणला म्हणजे तो पक्का लक्षांत राहतो. ‘रिजेक्ट’ म्हणजे पारखून टाकून देणें. आंबे निवडतांना डागाळलेला आंबा आपण बाजूस टाकतों, तें ‘रिजेक्ट’. बांधणारांनीं नापसंत केलेला दगड पुढें कोनशिला झाला असें पवित्र शास्त्रांत जें म्हटलें आहे, तेथें इंग्रजींत ‘रिबफ’ घालतां येणार नाहीं. दगड कांहीं त्यांच्याकडे चालत आला नव्हता. तो त्यांनीं हातीं घेऊन, फिरवून पाहून टाकला होता. ‘रिपल्स’ म्हणजे बळानें मागें रेटणें; किल्ल्यावर चढून येणारें सैन्य ‘रिपल्स’ होतें. ‘स्पर्न’ याचा मूळ अर्थ लाथ मारणें. आपल्या ‘लाथाडणें’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ.

‘स्नब’ हा मात्र ‘रिबफ’च्या फार जवळ येतो व दोहोंची गल्लत चांगले चांगले लोकहि करतात. हा शब्द उत्तर युरोपांतील जुन्या नॉर्स भाषेंतला. त्याच्या मुळांत झापणें व खुडून खुंटवणें असे अर्थ आहेत. नकट्या नाकास इंग्रजींत ‘स्नब नोज’ म्हणतात तें उगाच नव्हे. दुसऱ्याचें महत्त्व खुडण्यासाठीं केलेली उपेक्षा म्हणजे ‘स्नब’. १२ मे १६६६ रोजीं आग्र्यास औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारांत शिवाजी महाराजांस त्यांच्या योग्यतेस न शोभणाऱ्या रांगेंत उभें केलें गेलें व त्यांच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नाहीं. त्यांना कोणी ‘नाहीं’ म्हटलें नव्हतें. तो ‘स्नब’ होय. त्याच दरबारीं महाराजांनीं कांहीं मागणी केली असती व बादशहानें ती तोंडावर उडविली असती, तर तो ‘रिबफ’ झाला असता.

याशिवाय केवळ दिसण्यांत सारखे असे दोन शब्द आहेत: ‘रिब्यूक’ व ‘रिबट’. ‘रिब्यूक’ म्हणजे चूक दाखवून रागें भरणें. ‘रिबट’ म्हणजे दुसऱ्याचा मुद्दा खोडून काढणें. वादविवादाच्या सभेंत तो उपयोगी पडतो. एक मौज सांगतों. लोक आपलीं लहान मुलें प्रभु येशूकडे घेऊन आले आणि शिष्यांनीं त्यांना अडविलें, हा प्रसंग इंग्रजी बायबलांत ‘रिब्यूक’ या क्रियापदानें सांगितला आहे. कारण शिष्य रागावून बोलले. परंतु आणणारांच्या बाजूनें पाहिल्यास त्यांच्या वाट्यास आला तो ‘रिबफ’च. एकच कृत्य बोलणाराच्या तोंडून ‘रिब्यूक’ आणि ऐकणाराच्या जिवाला ‘रिबफ’ असें होऊं शकतें. प्रभूनें मुलांना जवळ बोलाविलें म्हणून तो ‘रिबफ’ तेथेंच संपला.

मराठींत यास एकच शब्द द्या, असा आग्रह मुलें धरतात. तसा शब्द देतां येत नाहीं, आणि त्यांत आपल्या भाषेचें उणें नाहीं. उलट आपल्याकडे पर्याय अधिक आहेत. माणसास ‘झिडकारतात’, मागणी ‘धुडकावतात’, अर्ज किंवा अपील ‘फेटाळतात’, सूचना ‘उडवून लावतात’. ‘झिडकारणें’ या शब्दांत हाताचा झटका ऐकूं येतो. ‘फेटाळणें’ हें कोर्टकचेरींत रुळल्यामुळें त्यांत कागदाचा वास अधिक, तिरस्कार कमी. म्हणून तें ‘रिजेक्ट’कडे झुकतें. ‘वाटाण्याच्या अक्षता लावणें’ हा बायकांच्या बोलण्यांतला फार बोलका प्रयोग आहे. आणि एकच मनुष्य वारंवार व क्षुल्लक कारणानें झिडकारला जात असेल तर ‘हिडीसफिडीस करणें’ असें आपण म्हणतों, ज्यास इंग्रजींत एक शब्द मला तरी आढळलेला नाहीं. ‘धिक्कारणें’ मात्र येथें वापरूं नये. धिक्कार हा दुष्कृत्याचा असतो. त्यासाठीं कोणी पुढें येऊन कांहीं मागावें लागत नाहीं.

इंग्रजी व मराठी शब्दांच्या अशा जोड्या जुळविण्याचें काम किती कष्टाचें आहे, हें मोल्सवर्थ यांच्या कोशांवरून कळतें. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला व त्याची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनीं पुरा केला, तो १८४७ सालचा. आपल्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती लेखकांपैकीं बाबा पदमनजी यांनीं मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप १८६३ सालीं केला. हे कोश आजहि उघडून पाहावे. पण कोश पर्यायांची रांग देतो. रांगेंतला कोणता कोठें उभा करावयाचा, तें प्रसंगावरून ठरवावें लागतें.

तसा प्रसंग शोधावयास आपणांस माधवनगराहून फार दूर जावयाचें कारण नाहीं. सांगली जिल्ह्यास पूर्वीं दक्षिण सातारा म्हणत असत, आणि त्या साताऱ्याच्या गादीचीच ही हकीकत आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांना साताऱ्यास गादीवर बसविलें व १८१९ सालीं त्यांच्याशीं तह केला. पुढें महाराजांवर आरोप आले कीं, त्यांनीं कंपनीच्या पलटणींतील लोकांस फितविलें, गोव्याच्या पोर्तुगीजांशीं व नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान बांधलें. १८३९ च्या ऑगस्टांत मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आले आणि, दोष कबूल असल्याच्या कागदावर सही करा म्हणजे मागील सर्व विसरूं, असें त्यांनीं महाराजांस सुचविलें. महाराजांनीं सही केली नाहीं. पुढच्याच महिन्यांत त्यांना पदच्युत करण्यांत आलें व काशीस धाडण्यांत आलें.

येथें थांबून शब्द निवडा बरें. महाराजांनीं काय केलें? कार्नॅक यांचें म्हणणें त्यांनीं ऐकलें, त्याचा अर्थ जाणला, परिणामहि जाणला, आणि ‘नाहीं’ म्हटलें. हा ‘रिफ्यूजल’ होय, आणि माझ्या मतें आपल्या इतिहासांतील अत्यंत भारदस्त अशा नकारांपैकीं एक.

आतां दुसरी बाजू. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते हे धन्याची कैफियत मांडण्यासाठीं समुद्र ओलांडून लंडनास गेले. एक हिंदु कारभारी, परका देश, परकी भाषा, थंडी, पैशाची ओढाताण. आणि समोर लेडनहॉल स्ट्रीटवरील ईस्ट इंडिया कंपनीची ती भव्य कचेरी. कंपनीची रीत अशी कीं, हिंदुस्थानांतील तक्रार हिंदुस्थानांतील सरकारमार्फतच आली पाहिजे. ज्या सरकारविरुद्ध तक्रार, त्याच सरकारच्या हातून ती यावी! तक्रार खरी कीं खोटी, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. दार उघडण्यापूर्वींच तें लावून घेतलें जातें. हा ‘रिबफ’.

रंगो बापूजी परतले नाहींत. त्यांनीं छापील पत्रकें काढलीं, कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत बाजू मांडणारे मित्र मिळविले. गुलामगिरीविरुद्ध झगडणारे प्रसिद्ध वक्ते जॉर्ज थॉम्प्सन व पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम हे त्यांच्या धन्याच्या बाजूनें उभे राहिले. तेथें चर्चा झाली, ठराव आले, मतें पडलीं व ठराव नापास झाले. त्या ठरावांपुरता ‘रिजेक्ट’ हा शब्द घ्यावा. कारण तेथें निदान ऐकून घेतलें गेलें. १८४७ सालीं प्रतापसिंह महाराज काशीस वारले. १८४८ सालीं त्यांचे गादीवर बसविलेले बंधु शहाजी हेहि वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीनें राज्य खालसा केलें. ज्या गादीसाठीं भांडावयाचें ती गादीच उरली नाहीं, तरीहि रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनांत दारें ठोठावीतच होते. तेरा-चौदा वर्षें! आपण एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे पाठविलें गेलों तर तासाभरांत कंटाळतों.

परत आल्यावर १८५७ सालीं साताऱ्याच्या उठावणीच्या कटांत त्यांचें नांव आलें. त्यांचे पुत्र सीताराम यांस देहान्त शासन झालें. रंगो बापूजी निसटले, ते पुन्हां कोणास सांपडले नाहींत. तेरा वर्षें कागदावर, सभेंत, सनदशीर मार्गानें न्याय मागणारा मनुष्य अखेर त्या वाटेस कां लागला, याचें उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत अनेक कारणांनीं दिलेलें असतें. इंग्रजीच्या शिक्षकास त्यांतलें एक कारण या एका शब्दांत दिसतें.

दुसरें उदाहरण अलीकडचें. सांगलीचा आयर्विन पूल आपण सर्वांनीं पाहिला आहे. कृष्णेला पूर आला म्हणजे पाण्याची उंची त्या पुलापाशींच मोजतात. तो १९२९ सालीं वाहतुकीस खुला झाला व तेव्हांच्या व्हाइसरॉयचें नांव त्यास देण्यांत आलें. त्याच लॉर्ड आयर्विन यांस २ मार्च १९३० रोजीं महात्मा गांधींनीं साबरमतीहून एक लांब, सौजन्यपूर्ण पत्र लिहिलें. मिठावरील कराचा त्यांत उल्लेख होता आणि पत्र पोंचविण्याचें काम रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजानें केलें. उत्तर आलें तें व्हाइसरॉयांच्या चिटणीसाकडून, चार ओळींचें, खेद प्रदर्शित करणारें. आपण गुडघे टेकून भाकर मागितली व पदरीं दगड आला, अशा अर्थाचे उद्गार गांधींनीं काढले. भाकरीचा व दगडाचा हा दाखला मत्तयाच्या शुभवर्तमानांतील डोंगरावरील प्रवचनांतला आहे, हें आपल्या शाळेच्या मुलांना ओळखतां यावें. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली.

हें उदाहरण मीं मुद्दाम दिलें. ‘रिबफ’ म्हणजे शिवीगाळ किंवा आरडाओरड असा मुलांचा समज होतो. चिटणीसाच्या त्या उत्तरांत एकहि कठोर शब्द नव्हता. धक्का शब्दांत नसून, एवढ्या मोठ्या पत्रास एवढें तोकडें उत्तर मिळण्यांत होता. गुळगुळीत कागदावरहि ‘रिबफ’ करतां येतो.

पालकांसाठीं एक-दोन ओळी. ‘रिबफ’ करणारास तें बहुधा आठवत नाहीं, झालेल्यास आठवतें. मूल चित्र घेऊन येतें आणि आपण हातांतल्या वर्तमानपत्रावरून, आतां फोनवरून, नजर न उचलतां “नंतर, नंतर” म्हणतों. माझ्या लहानपणीं वडील मला घेऊन एका कचेरींत फीमाफीचा अर्ज देण्यास गेले होते. तेथील गृहस्थांनीं अर्जाकडे न पाहतां, केवळ वडिलांच्या पायांतील वहाणांकडे पाहून, “जागा नाहीं” असें सांगितलें. अर्ज जागेचा नव्हताच. वडील परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलले नाहींत, आणि मीहि विचारलें नाहीं. पुढें मिशनच्या शाळेंत माझी सोय झाली. परंतु त्या दिवशींचें उन आणि ती वाट अद्याप ध्यानांत आहे.

आतां परीक्षेपुरतें व्याकरण, थोडक्यांत. शब्दांतील आघात दुसऱ्या अवयवावर, ‘बफ’वर येतो. लिहितांना शेवटीं एफ दोनदां लिहावा, भूतकाळीं ‘रिबफ्ड’. तो नाम म्हणून चालतो व क्रियापद म्हणूनहि. नाम असतां ‘मीट विथ अ रिबफ’ असा प्रयोग रूढ आहे, म्हणजे पदरीं नकार येणें. क्रियापद सकर्मक आहे, आणि त्याचें कर्म मनुष्य असेल किंवा त्यानें पुढें केलेली गोष्ट असेल: ‘ही रिबफ्ड हिज फ्रेंड’ हेंहि बरोबर, ‘ही रिबफ्ड द ऑफर’ हेंहि बरोबर. परंतु ‘आय रिबफ्ड टु गो’ हें साफ चूक. जाण्यास नकार देणें यासाठीं ‘रिफ्यूज्ड टु गो’ असेंच म्हणावें. तसेंच ‘ही रिफ्यूज्ड मी लीव्ह’ चालतें, ‘ही रिबफ्ड मी लीव्ह’ चालत नाहीं. ‘रिबफ’ला दोन कर्में पेलत नाहींत. आणखी एक: स्वतःच्या सौम्य नकारासाठीं हा शब्द लिहूं नये. शिक्षकांस रजेचें किंवा आमंत्रणाचें उत्तर लिहितांना ‘आय रिबफ युवर इन्व्हिटेशन’ असें लिहिणारा विद्यार्थी मला भेटलेला आहे. त्याच्या मनांत ‘डिक्लाइन’ होतें.

वर्गांतील त्या मुलास मीं पंधरा दिवसांनीं बोलावून घेतलें, वरील सर्व सांगितलें व माझ्याकडून झालें तें बरें झालें नाहीं असेंहि सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं मात्र न सांगतां दहा वाक्यें लिहून घेऊन आला. दोहोंत चूक होती. एकांत ‘टु’ घातला होता, दुसऱ्यांत एक एफ गाळला होता. एका वाक्याचा अर्थ असा होता कीं, आमच्या कुत्र्याला आई ‘रिबफ’ करते, आजी कधींच करीत नाहीं. शेवटचें वाक्य होतें: ‘अवर टीचर रिबफ्ड माय क्वेश्चन ऑन अ रेनी डे.’ त्यांत दुरुस्त करण्याजोगें कांहीं नव्हतें. मीं त्यावर बरोबरची खूण केली.